शेजारी बाळ आलंय: डबा काय द्यावा, किती, कसा आणि कधी?

हातचा_डबा
वरच्या मजल्यावरच्या घरात सहा दिवसांचं बाळ आहे. सिझेरियन झालंय. घरात आई, बाबा आणि तीन वर्षांचं थोरलं मूल. मदतीला दुसरं कुणी नाही. रात्रीचं जेवण करून द्यायचं आहे, जमलं तर आठवड्यातून दोनदा. स्वयंपाक येतो, तो प्रश्न नाही. प्रश्न असे आहेत:

किती करायचं? गरम न्यायचं की गार? फ्रीझरमध्ये ठेवण्यासारखं काही द्यावं का? आईच्या पथ्याचं काय, आणि थोरल्याचं वेगळं करावं का? शुभेच्छांचे प्रतिसाद नकोत, मापं हवीत.

मोजमाप
मापांपासून सुरुवात करतो. मोठ्या माणसाला एका जेवणाला ७५ ग्रॅम कोरडे तांदूळ धरा. शिजल्यावर वजन पावणेतीनपट-तिप्पट होतं, म्हणजे साधारण २०० ते २२५ ग्रॅम भात. कोरडी डाळ किंवा कडधान्य ५० ग्रॅम, शिजलेली भाजी १५० ते २०० ग्रॅम. सूप जेवणाबरोबर असेल तर माणशी २०० मिली, सूप हेच जेवण असेल तर ४०० मिली. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लागत नाही.

हे झालं हिशेबाचं. प्रत्यक्षात मात्र चार मोठ्या माणसांचं करा. कारण अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात आणि नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे रात्री दोनला किंवा पहाटे चारला कडकडून भूक लागणार. चौथा वाटा हा त्या वेळचा. तो मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, वेगळ्या छोट्या डब्यात द्या, वर 'रात्रीसाठी' लिहा. एकत्र दिलात तर जेवतानाच संपतो.

आणि चारच्या पुढे जाऊ नका. आठ माणसांचं पातेलं मायेपोटी येतं खरं, पण त्यांच्या फ्रीजमध्ये जागा करण्याचं काम आपण वाढवून ठेवतो. उरलेलं टाकताना त्यांना अपराधी वाटतं ते वेगळंच.

झाकणबंद
मोजमाप +१.

गरम की गार यावर माझं स्पष्ट मत: गार द्या. म्हणजे फ्रीजमधून काढलेलं, फक्त गरम करायचं राहिलेलं.

कारण साधं आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जिवाणू वेगानं वाढतात. त्या पट्ट्यात जास्तीत जास्त दोन तास, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हे दोन तास शेगडी बंद झाल्यापासून मोजायचे, तुम्ही दार वाजवल्यापासून नाही. तुम्ही साडेसहाला बंद केलं, साडेसातला पोचवलं. त्याच वेळी बाळ उठलं, पाजणं झालं, ढेकर, लंगोट, थोरल्याचं रडगाणं, आणि ताट वाढेपर्यंत साडेनऊ. अन्न गरम नाही, गारही नाही, कोमट. सगळ्यात वाईट अवस्था तीच.

गार करायची पद्धत:
मोठं पातेलं तसंच निवत ठेवायचं नाही. मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. पसरट भांड्यात ५ सेंटीमीटरपेक्षा कमी थर होईल असं ओता. घट्ट पदार्थ असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला. वाफ जिरली की झाकण लावून थेट फ्रीजमध्ये. पूर्ण गार होईपर्यंत बाहेर थांबायची गरज नाही. फक्त चार लिटरचं उकळतं पातेलं फ्रीजमध्ये ढकलू नका, शेजारचं दूधसुद्धा तापतं. फ्रीज ४ अंश किंवा त्याखाली हवा.

उलथनं
झाकणबंद, तुमचं तर्काने बरोबर आहे, पण गार डबा म्हणजे समोरच्याला पुन्हा शेगडीपाशी उभं करणं. टाके असलेल्या बाईला किंवा तीन रात्री न झोपलेल्या बापाला तीन डबे वेगवेगळे गरम करायला लावायचे? तयार गरम ताटाची सर त्याला नाही. एकाच इमारतीत असाल तर गरम द्यायला काहीच हरकत नाही, दोन अटींवर.

एक, वेळ त्यांनी सांगितलेली असावी, आपल्या सोयीची नाही. दोन, उष्णतारोधक डबा नीट वापरावा. बहुतेकजण थंडगार डब्यात गरम अन्न भरतात आणि मग डबा टिकत नाही म्हणतात. आधी उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. पाणी ओता, लगेच उकळतं अन्न भरा, काठोकाठ. अर्धा भरलेला डबा लवकर गार होतो, कारण वरच्या हवेतून आणि झाकणातून उष्णता जाते. अन्न कमी असेल तर छोटा डबा घ्या. सूप आणि रस्सा यात उत्तम टिकतात. कोरडी भाजी टिकत नाही. भाजलेले कुरकुरीत पदार्थ तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

झाकणबंद
दोन्ही अटी पाळल्या तर मान्य. तिसरी मी घालतो: 'नऊपर्यंत खाल्लं नाही तर फ्रीजमध्ये टाका' असं चिठ्ठीवर लिहा. उष्णतारोधक डबा रात्रभर ओट्यावर राहिला तर तो अन्न कोमट ठेवण्याचं यंत्र होतो.

पाव_किलो
भात सकाळी करून ठेवला आणि संध्याकाळी नेला तर चालेल ना? पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतातच की.

झाकणबंद
इथेच सगळे फसतात, म्हणून सविस्तर लिहितो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवताना मरत नाहीत. भात खोलीच्या तापमानाला राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळपासून ओट्यावर राहिलेला भात संध्याकाळी वाफ येईपर्यंत गरम केलात, तरी जिवाणू मरतील, विष राहील. 'गरम केलं म्हणजे झालं' हे भाताला लागू नाही.

सकाळी करायला हरकत नाही, पण शिजल्यावर ताटात पसरा, तासाभरात फ्रीजमध्ये घाला, थंडच न्या. खायचा तो २४ तासांत आणि एकदाच गरम करून. गरम करताना वाटीभर भाताला चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा, नाहीतर शितं कडक होतात. बाकीचे शिजवलेले पदार्थ फ्रीजमध्ये ३-४ दिवस राहतात, भाताला मात्र वेगळी तारीख लिहा.

अर्धाकप
सगळे पदार्थाबद्दल बोलताहेत, मी डब्याबद्दल बोलते. अर्ध्या अडचणी तिथेच असतात.

पहिली गोष्ट, आट्यांचं, म्हणजे फिरवून बसवायचं झाकण. उकळतं सूप भरून झाकण गच्च फिरवलंत की आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि झाकण हवेच्या दाबाने बसतं. धडधाकट माणसालाही उघडत नाही, आणि टाके असलेल्या बाईने पोट आवळून जोर लावणं तर नकोच. उपाय: थोडी वाफ जाऊ द्या, मग झाकण सैल लावा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट करा. किंवा चारी बाजूंनी खटक्यांचं झाकण असलेला डबा.

दुसरी, वजन. सिझेरियननंतरचे काही आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड उचलू नका असं सहसा सांगतात. तीन लिटरचं भरलेलं पातेलं भांड्यासकट चार किलोच्या वर जातं. एकेक किलोचे तीन-चार डबे बरे. पिशवीत जड खाली, पिशवीचा तळ सपाट. फ्रीजमध्येही छोटे डबे फटीत बसतात.

तिसरी, कशात गरम करणार ते विचारा. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, म्हणजे त्यांना अजून एक भांडं खरकटं करावं लागतं. काचेचा जातो, पण फ्रीजमधून काढलेली काच सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर ठेवली तर तडकते. प्लॅस्टिकवर मायक्रोवेव्हची खूण बघा आणि गरम करताना झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा.

चौथी आणि सगळ्यात मोठी: परत न मागण्यासारखे डबे. जॅमच्या स्वच्छ बरण्या, बाहेरून आलेल्या खाण्याचे चांगले डबे जपून ठेवलेले असतातच प्रत्येक घरात. नवीन बाळाच्या घरात सात शेजाऱ्यांचे सात डबे, कुणाचं झाकण कुठलं, हा एक स्वतंत्र छळ आहे. आपलाच चांगला डबा द्यायचा असेल तर तळाला नाव चिकटवा आणि 'घाई नाही, रिकामा दाराबाहेर ठेवा, धुवू नका' असं लिहा. 'धुवू नका' हे शब्द विसरू नका.

गळतीची परीक्षा: डब्यात पाणी भरून, झाकण लावून मोरीत उलटा धरा, वीस सेकंद. रबरी रिंग उलटी बसलेली असते किंवा तिच्यात अन्नाचा कण अडकलेला असतो, नव्वद टक्के गळतीचं कारण तेच. (आकडा माझ्या मनाचा, कारण खरं.)

मोजमाप
चिठ्ठीत काय असावं याचा नमुना देतो. चार ओळी, मोठ्या अक्षरात, डब्यावरच:

डाळ, पालक घालून. दोन जणांची.
यात आहे: डाळ, पालक, लसूण, लोणी. सुकामेवा नाही, तीळ नाही.
केली मंगळवारी, शुक्रवारपर्यंत खा.
मायक्रोवेव्ह ३ मिनिटं, मध्ये ढवळा, २ मिनिटं थांबा.

'मध्ये ढवळा' शोभेला नाही. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मधला गोळा थंड राहतो. अन्न मध्यभागी ७४ अंशांपर्यंत जायला हवं. घरात थर्मामीटर नसेल तर सगळीकडून वाफ आणि पातळ पदार्थाला खळखळून उकळी. मार्करने थेट डब्यावर लिहू नका, ओलाव्याने पुसतं. कागदी चिकटपट्टीवर लिहा, आणि डबा कोरडा असताना लावा.

रात्रपाळी
पथ्याचा मुद्दा कुणी घेतलेला नाही, मी घेते.

अंगावर पाजणाऱ्या आईने टाळावेत असे पदार्थ प्रत्यक्षात फार कमी आहेत. कोबी, फ्लॉवर, कडधान्यं खाल्ली की बाळाला गॅस होतो हे तर नाहीच. गॅस आईच्या आतड्यात तंतुमय भागावर जिवाणू काम करतात तेव्हा होतो. तो तंतू किंवा तो वायू रक्तात जाऊन दुधात उतरत नाही. लसणीचा वास दुधात उतरतो, पण म्हणून बाळ पीत नाही असं नाही.

मात्र तुमचं-माझं ज्ञान तिच्या ताटात लादायचं नाही. तिला किंवा तिच्या घरच्यांना कोबी नको असेल तर कोबी नको, वाद घालायची ती वेळ नव्हे. विचारायचं एवढंच: 'काय चालत नाही?' ॲलर्जी, धर्म, आवड, डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळं एका प्रश्नात येतं. काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि डॉक्टर आईचंही दूध-दही-लोणी बंद करतात. तेव्हा लोणी 'थोडंसंच' घातलं तरी ते घातलेलंच असतं.

उपयोगाचं काय? रक्त गेलेलं असतं, म्हणून लोह: डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, अंडी, चालत असेल तर मांस. वनस्पतींतलं लोह नीट शोषलं जायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून लिंबाची फोड किंवा संत्रं सोबत द्या. चहा-कॉफी जेवणाला लागून नको, त्याने ते शोषण घटतं. कॉफीची पूर्ण बंदी नाही, दिवसाला २०० ते ३०० मिलीग्रॅम कॅफिनच्या आत असावं, म्हणजे साधारण दोन कप.

बद्धकोष्ठ हा बोलला न जाणारा त्रास. लोहाच्या गोळ्या, वेदनाशामकं, टाक्यांची भीती, सगळं एकत्र येतं. म्हणून पांढरा भात आणि चीज असं कोरडं ताट देण्यापेक्षा पातळ काहीतरी, सालासकट भाज्या, भिजवलेले मनुके किंवा आलुबुखार. मासे द्यायचे तर शार्क, तलवारमासा हे पारा जास्त असलेले सोडून.

मधाबद्दल दोन टोकाचे गैरसमज दिसतात. आईने मध खाल्ला तर चालतो. बाळाला बारा महिने पूर्ण होईपर्यंत बोटभरही नाही, बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो. थोरलं मूल प्रेमाने चाटवायला जाईल, म्हणून गोड पदार्थात मध असेल तर चिठ्ठीवर लिहाच.

उलथनं
रात्रपाळी, उत्तम प्रतिसाद. तिखटाचं काय?

रात्रपाळी
दुधासाठी अडचण नाही. पण पहिल्या काही दिवसांत टाके आणि पोट दोन्ही नाजूक, आणि थोरलं मूलही त्याच डब्यातून जेवणार. म्हणून कमी तिखट करा आणि तिखट चटणी वेगळ्या वाटीत. मीठही थोडं हात राखून. वरून घालता येतं, काढता येत नाही.

पाव_किलो
एका हाताने खाता येईल असं काही सुचवा ना. बाळ एका हातावर असताना वाटी-चमच्याचं अवघड जातं.

अर्धाकप
हा खरं तर मुख्य जेवणाइतकाच महत्त्वाचा डबा. कसोटी अशी: डाव्या हाताने, अंधारात, न बघता खाता आलं पाहिजे. गळता कामा नये, भुरभुरता कामा नये आणि बाळाच्या डोक्यावर गरम काही सांडण्याची शक्यता नको.

ओट्स-खजुराचे गोळे: १०० ग्रॅम ओट्स कोरडे भाजून गार करा, १५० ग्रॅम मऊ बिनबियांचा खजूर, ५० ग्रॅम भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया. ओट्स आणि बिया आधी भरड करा, मग खजूर घालून फिरवा. २० ग्रॅमचे पंधरा होतात. मळून गोळा बसत नसेल तर खजूर कोरडा आहे, दोन चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाणी जास्त झालं तर चिकट होतात आणि फ्रीजमध्येच ठेवावे लागतात. बिया मुद्दाम, म्हणजे सुकामेव्याच्या ॲलर्जीचा प्रश्न येत नाही.

उकडलेली अंडी: सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. पण सोलायला दोन हात लागतात! म्हणून त्या दिवसापुरती दोन सोलून, बाकीची तशीच.

फळं धुऊन, कापून, डब्यात. 'फळं नेऊन दिली' आणि 'कापलेली फळं नेऊन दिली' यात फार फरक आहे. थोरला तीन वर्षांचा आहे, म्हणून द्राक्षं उभी चार भागांत कापा. अख्खी द्राक्षं आणि अख्खा सुकामेवा त्या वयाला घशात अडकतो. त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको, पण छोटा डबा वेगळा द्या, त्यावर त्याचं नाव. पाहुणे सगळे बाळासाठी येतात, एक वस्तू त्याचीही असू दे.

झाकणबंद
फ्रीझरचं राहिलं. थोडक्यात.

चांगलं गोठतं: डाळ, कडधान्यांचा रस्सा, भाज्यांचं घोटलेलं सूप, मांसाचा रस्सा.
बिघडतं: बटाट्याचे तुकडे (रवाळ, पाणचट होतात), उकडलेल्या अंड्याचं पांढरं (रबर), काकडी-टोमॅटोची कच्ची कोशिंबीर, दही किंवा साय घातलेला रस्सा (फुटतो, ते गरम करताना घालायला सांगा).

डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना फुगतं, वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा, काचेची बरणी तर याच कारणाने तडकते. सगळ्यात सोयीचं म्हणजे जाड पिशवीत ४०० मिली भरून, हवा काढून, आडवी निजवून गोठवणं. दोन सेंटीमीटर जाडीची पाटी होते, पुस्तकासारखी उभी रचता येते आणि फ्रीजमध्ये एका रात्रीत विरघळते. तोच रस्सा खोल डब्यात गोठवला तर पूर्ण दिवस लागतो. उणे १८ अंशांना दोन-तीन महिने चव राहते. पण आधी विचारा, त्यांच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का. साठवलेलं आईचं दूध आधीच तिथे असू शकतं, त्याला प्राधान्य.

हातचा_डबा
खूप उपयोगी. विचारायचं कसं? 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की सगळे 'नको नको' म्हणतात.

उलथनं
कारण तो प्रश्न नाही, त्यांच्यावर टाकलेलं काम आहे: काय लागतं ते शोधा, शब्द जुळवा, संकोच गिळा. त्याऐवजी फोन न करता निरोप टाका, असा:

'गुरुवारी तुमचं रात्रीचं जेवण मी देतेय. डाळ-भात-भाजी की सूप आणि ब्रेड? काय चालत नाही ते सांगा. गरम हवं तर वेळ कळवा, नाहीतर सहाला दाराबाहेर पिशवी ठेवून निरोप टाकेन. उत्तर सवडीने.'

'हो की नाही' नाही, 'हे की ते'. दोनच पर्याय, तीन दिले की उत्तर येत नाही. बेल वाजवू नका, अगदी मऊ वाजवली तरी नुकतं झोपलेलं बाळ उठतं.

पिशवी बाहेर ठेवणार असाल तर ते घरात आहेत आणि लगेच उचलतील याची खात्री करा. झाकणबंद यांचे दोन तास दारातही चालू असतात.

रात्रपाळी
आत बोलावलंच तर दहा मिनिटं. हात साबणाने वीस सेकंद धुवा, बाळाला पापी नको. ओठावर तापाचे फोड आले असतील तर मुळीच जाऊ नका, त्यांचा विषाणू नवजात बाळाला जिवावर बेतू शकतो. खोकला-सर्दी असेल तर कुणाकरवी पाठवा. आणि उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर पूर्ण ४८ तास दुसऱ्यासाठी स्वयंपाकच करायचा नाही, तेव्हा हाताला लावायच्या अल्कोहोलवर विसंबू नका. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला साबण-पाणीच.

बाळ मागू नका. 'मी धरते, तू भांडी घास' अशी मदत फार घरांत होते. उलट करा: सिंकमधली भांडी घासा, कचऱ्याची पिशवी खाली न्या, थोरल्याला अर्धा तास अंगणात न्या.

मोजमाप
वेळापत्रकाबद्दल एक. पहिल्या आठवड्यात सगळेच आणतात, फ्रीज फुगतो. तिसऱ्या आठवड्यापासून कुणी फिरकत नाही, आणि नेमकी तेव्हा बाबांची रजा संपलेली असते. आठवड्यातून दोनदा म्हणता, तर या आठवड्यात एकदाच द्या, वाचलेले दिवस चौथ्या ते सहाव्या आठवड्याला लावा. इतर शेजारी असतील तर एक दिवस सोडून एक अशी पाळी लावा आणि मुख्य पदार्थ आधी लिहून ठेवा. नाहीतर तीन घरांतून सलग तीन दिवस डाळच येते.

हातचा_डबा
ठरलं ते लिहितो. गुरुवारी: पालकाची डाळ, भात दुपारी करून पसरून गार, गाजर-फरसबीची भाजी कमी तिखट, लिंबाच्या फोडी, ओट्सचे पंधरा गोळे, थोरल्याचा छोटा डबा. सगळं फ्रीजमधून थेट. पुढचा डबा तिसऱ्या आठवड्यात, सोबत सूपच्या दोन आडव्या पिशव्या. भाजी आदल्या दिवशी केली तर?

अर्धाकप
गाजर चालेल, फरसबी काळपट आणि ढिली पडते. आदल्या दिवशीच करायची तर फरसबी मिनिटभर आधी उतरवा, पुन्हा गरम होताना ती शिजतेच. आणि लिंबाच्या फोडी भाजीच्या डब्यात टाकू नका, वेगळ्या द्या. हिरवा रंग आंबटाने जातो.

हातचा_डबा
गुरुवारी सकाळीच करतो मग.